पोटदुखीमागील स्वादुपिंड : निदान कसे होते, गांभीर्य कसे जोखले जाते

शिंदखेडा तालुक्यात पोटदुखीला नावांची वाण नाही. कोणी तिला गॅस म्हणतो, कोणी वायगोळा, कोणी पित्त. कोणी आदल्या रात्रीच्या शेवभाजीला दोष देतो, तर कोणी थेट दोंडाईच्याच्या मिरचीला. ‘पोट दुखी ऱ्हायनं’ एवढे सांगून माणूस जवळच्या दवाखान्यात जातो, एक सुई टोचून घेतो, चार गोळ्या पुडीत बांधून घरी येतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही, आणि म्हणूनच ज्या वेळी भागत नाही ती वेळ ओळखणे कठीण होते. दुसरा दिवस उजाडतो, उलट्या थांबत नाहीत, पोट फुगते, माणूस कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतो. मग गाडी शोधली जाते आणि धुळ्याचा रस्ता धरला जातो. तेथे रक्ततपासणीनंतर एक अपरिचित शब्द कानी पडतो : पॅन्क्रिअ‍ॅटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह.

या शब्दाविषयी आमच्या वाचकांकडून वेळोवेळी विचारणा होते. हा रोग केवळ दारुड्यांना होतो काय, सोनोग्राफीत काही दिसले नाही तर तो नाही असे समजावे काय, तपासणीतील आकडा हजारावर गेला म्हणजे रुग्ण वाचणार नाही काय, असे ते प्रश्न असतात. आम्ही वैद्य नाही. परंतु वैद्यकशास्त्राने जे निश्चित केले आहे ते सोप्या मराठीत मांडणे शक्य आहे, आणि रुग्णाशेजारी बसलेल्या नातलगाला त्याचा उपयोग होतो, असे आम्हांस वाटते.

स्वादुपिंड हे जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीचे इंद्रिय आहे. त्याची कामे दोन. एक, इन्शुलिनसारखे स्राव रक्तात सोडून साखरेचे नियमन करणे. दुसरे, अन्न पचविणारा रस तयार करणे. हा रस दिवसाकाठी एक ते दीड लिटर किंवा त्याहूनही अधिक तयार होतो आणि एका नलिकेवाटे लहान आतड्याच्या आरंभी जाऊन पडतो. त्यातील विकरे मांस, चरबी, पिष्ट असे सारे पचवू शकतात. ज्या इंद्रियात ही विकरे तयार होतात तेही अखेर मांसाचेच. म्हणून शरीराने व्यवस्था अशी केली आहे, की ती निष्क्रिय रूपात तयार व्हावीत आणि आतड्यात पोहोचल्यावरच जागी व्हावीत. काही कारणाने ती स्वादुपिंडातच जागी झाली, तर ती स्वादुपिंडालाच पचवू लागतात. हाच तो दाह. त्याची झळ आसपासच्या चरबीला, आतड्यांना आणि रक्तावाटे फुप्फुसांना व मूत्रपिंडांनाही लागते. पोटातील एवढ्याशा इंद्रियाच्या आजारात माणसाला धाप का लागते आणि लघवी का थांबते, याचा उलगडा येथे होतो.

पित्ताशयाकडून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका या दोन्ही आतड्यात बहुधा एकाच मुखाने उघडतात. पित्ताशयातील बारीक खडा घसरत येऊन त्या मुखाशी अडकला, की मागे स्वादुपिंडाचा रस तुंबतो. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे यूजिन ओपी या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने १९०१ साली मृत रुग्णाच्या शवविच्छेदनात नेमका असा अडकलेला खडा दाखवून दिला. त्याच्या बारा वर्षे आधी, १८८९ मध्ये, बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या रोगाचे पहिले पद्धतशीर वर्णन केले होते. तरीही पुढची कित्येक वर्षे हा रोग बहुधा पोट उघडल्यावर किंवा मृत्यूनंतरच कळे. १९२९ साली रॉबर्ट एल्मन यांनी रक्तातील अमायलेज मोजून निदान करता येते हे दाखविले, तेव्हा कोठे जिवंत रुग्णाच्या उशाशी बसून हा रोग ओळखण्याची वाट मोकळी झाली.

तीनपैकी दोन

आज जगभर निदानाचा जो नियम पाळला जातो तो लक्षात ठेवण्यास सोपा आहे. १९९२ साली अमेरिकेतील अटलांटा शहरी तज्ज्ञांची परिषद भरली. तिच्या व्याख्या २०१२ साली सुधारण्यात आल्या. त्यानुसार तीन गोष्टी पाहावयाच्या : या रोगाची ठरावीक वेदना, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज नेहमीच्या कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये दिसणाऱ्या खुणा. या तिन्हींपैकी कोणत्याही दोन आढळल्या, की निदान झाले.

या तिन्हींत पहिली गोष्ट, म्हणजे वेदनेचे वर्णन, रुग्ण व नातलग यांच्याच हाती असते. म्हणून तिच्यावर थोडे थांबू. ही वेदना पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या हाडाखालील खळगीत किंवा डाव्या-उजव्या बरगडीखाली सुरू होते. ती काही मिनिटांत वा तासाभरात तीव्र होते आणि मग मुरड्यासारखी येत-जात नाही. एकसारखी टिकून राहते, तासन्‌तास, पुष्कळदा दिवसाहून अधिक. अनेकांना ती आरपार पाठीत जाते असे वाटते. पाठीवर उताणे झोपणे असह्य होते, पुढे वाकून बसल्यास किंचित बरे वाटते. सोबत मळमळ व उलट्या असतात, आणि उलटी होऊनही पोट हलके होत नाही. डॉक्टरांना ‘पोट दुखते’ एवढेच न सांगता कोठे, केव्हापासून, पाठीत जाते का, थांबून थांबून येते की सतत आहे, हे सांगितले तर अर्धे काम तेथेच होते. आमच्याकडील माणूस वेदना सांगताना संकोचतो. स्त्रिया तर विशेषच. सासूने किंवा नवऱ्याने मध्येच उत्तर देण्यापेक्षा रुग्णालाच बोलू द्यावे.

मात्र अशीच वेदना देणारे दुसरे आजारही आहेत आणि त्यांतील काही तासाभराचाही उशीर सहन करीत नाहीत. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पोटाच्या खळगीतच दुखू शकतो आणि त्यातही उलट्या होतात. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेही किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या वरच्या पोटात अचानक दुखू लागले, तर आधी ईसीजी. जठराचा व्रण फुटला असेल तर पोट फळीसारखे कडक होते आणि उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये पडद्याखाली हवा दिसू शकते. पित्ताशयाची सूज, आतड्याचा अडथळा, फुप्फुसाच्या खालच्या भागातील न्यूमोनिया, मधुमेह अतिशय बिघडून रक्तात आम्ल साचणे, बाळंतपणाच्या वयातील स्त्रीमध्ये गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ, असे बाकीचे शक्यतेतील धनी आहेत. पोटदुखीच्या रुग्णाला डॉक्टर छातीचा फोटो आणि ईसीजी काढावयास सांगतात तेव्हा ‘दुखते कोठे आणि बघतात कोठे’ अशी कुरकुर ऐकू येते. ती अस्थानी आहे.

आता रक्ताची तपासणी. लायपेज आणि अमायलेज ही दोन्ही विकरे स्वादुपिंडाला इजा झाल्यावर रक्तात वाढतात. लायपेज दुखणे सुरू झाल्यावर चार ते आठ तासांत वाढते, साधारण चोवीस तासांत उच्चांक गाठते आणि आठ ते चौदा दिवस वाढलेले राहू शकते. अमायलेज मात्र काही दिवसांतच खाली येते. आपल्या भागात रुग्ण दोन-तीन दिवस घरगुती उपाय करून मग शहरात पोहोचतो. अशा वेळी अमायलेज खाली उतरलेले असू शकते, लायपेज मात्र अजून साक्ष देते. शिवाय अमायलेज लाळग्रंथींतूनही येते. गालगुंड झालेल्या मुलातही ते वाढते. जुन्या मद्यपीत आणि रक्तातील चरबी अतोनात वाढलेल्या रुग्णात ते उलट नेहमीइतकेच दिसू शकते. दोहोंपैकी एकच तपासणी परवडत असेल तर लायपेज करावे, असा आजचा कौल आहे.

अहवाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. प्रत्येक प्रयोगशाळेची कमाल मर्यादा वेगळी असते आणि ती आकड्याशेजारी छापलेली असते. मर्यादा ६० असेल तर १८० च्या वरचा आकडा निदानाच्या कामाचा. ९० आला तर तो ‘वाढलेला’ असला तरी त्यावरून स्वादुपिंडाचा दाह सिद्ध होत नाही. मूत्रपिंड निकामी होत असतानाही तो थोडा वाढतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : आकडा किती मोठा, यावरून रोग किती गंभीर हे कळत नाही. लायपेज तीन हजार असलेला रुग्ण चौथ्या दिवशी भाकरी खाऊन घरी जातो आणि चारशे असलेला अतिदक्षता विभागात पोहोचतो, असे घडू शकते. निदान एकदा झाले की रोज तेच मोजत बसण्यात अर्थ नाही. तरीही नातलग ‘आज किती आले?’ असे विचारतात आणि रोजच्या तपासणीचे पैसे भरत राहतात. त्या पैशांची गरज पुढे दुसरीकडे लागणार असते.

फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांविषयी येथेच सांगितले पाहिजे. कापसावर वापरली जाणारी काही कीटकनाशके सेंद्रिय फॉस्फरसयुक्त गटातील असतात. त्यांची विषबाधा स्वादुपिंडाला चेतवून दाह निर्माण करू शकते. आणि दाह नसतानाही लाळग्रंथींमुळे अमायलेज वाढवू शकते. म्हणून गेल्या दिवसा-दोन दिवसांत फवारणी केली असेल तर ती डॉक्टरांना न विचारताही सांगावी, औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी. विंचवाचेही असेच. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावरील विंचवाच्या दंशाने स्वादुपिंडाचा दाह होतो हे वैद्यकात प्रसिद्ध आहे. आपल्याकडील लाल विंचू मात्र मुख्यतः हृदयावर आघात करतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावरील प्राझोसिनच्या उपचाराने किती जीव वाचविले हे महाराष्ट्र जाणतो. विंचूदंशानंतर पोटात तीव्र दुखू लागल्यास स्वादुपिंडाचा विचार डॉक्टर करतील, परंतु पहिले लक्ष हृदयाकडेच असेल.

सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन

सोनोग्राफी प्रत्येक रुग्णाची व्हावी. परंतु ती स्वादुपिंड पाहण्यासाठी नव्हे. मुख्यतः पित्ताशयातील खडे शोधण्यासाठी. या आजारात आतड्यात वायू साचतो आणि सोनोग्राफीच्या लहरी वायूतून नीट जात नाहीत, म्हणून मागे दडलेले स्वादुपिंड पुष्कळदा दिसतच नाही. ‘स्वादुपिंड वायूमुळे झाकलेले’ अशा अर्थाचे वाक्य अहवालात असेल तर त्याचा अर्थ ‘ते निरोगी आहे’ असा नाही.

सीटी स्कॅनविषयी गैरसमज याच्या उलट आहे. मोठी तपासणी ती चांगली, आणि जेवढी लवकर तेवढी उत्तम, असे मानून पहिल्याच रात्री ती करून घेण्याचा आग्रह नातलग धरतात. काही ठिकाणी तसा सल्लाही मिळतो. वेदना ठरावीक आहे आणि लायपेज तिप्पट आहे, तर निदान झालेलेच आहे. सीटीने त्यात भर पडत नाही. स्वादुपिंडाचा काही भाग मृत झाला असल्यास तो स्पष्ट दिसावयास तीन-चार दिवस जावे लागतात. पहिल्या रात्रीचे चित्र म्हणूनच फसवे, आणि त्यासाठी शिरेतून देण्याचे रंगद्रव्य आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार टाकू शकते. मात्र निदानाविषयीच शंका असेल, पोट फुटल्याचा संशय असेल, किंवा ४८ ते ७२ तासांनंतरही रुग्ण सुधारत नसेल, तर सीटी आवश्यक ठरते. तेव्हा खर्चाचा विचार करून ती टाळू नये.

गांभीर्य कसे जोखावे

निदान झाले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. या रोगाचे सुमारे चार-पंचमांश रुग्ण सौम्य प्रकारात मोडतात आणि आठवड्याच्या आत बरे होतात. उरलेल्यांपैकी काहींचे एखादे इंद्रिय, बहुधा फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण, कोलमडते. ते ४८ तासांच्या आत सावरले तर रोग मध्यम तीव्रतेचा. त्याहून अधिक काळ कोलमडलेलेच राहिले तर तीव्र. या अखेरच्या गटात मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते, तर सौम्य गटात ते शेकडा एकाहूनही कमी असते. अडचण अशी, की पहिल्या दिवशी दोन्ही रुग्ण दिसावयास सारखेच. दोघेही कण्हत असतात, दोघांनाही उलट्या होत असतात. वेदनेच्या तीव्रतेवरून काहीच ठरविता येत नाही.

हे आधी ओळखण्यासाठी न्यूयॉर्कचे शल्यविशारद जॉन रॅन्सन यांनी १९७४ साली अकरा निकषांची एक यादी दिली. ती अनेक वर्षे विद्यार्थ्यांनी पाठ केली. तिचा दोष हा, की ती पूर्ण होण्यास ४८ तास लागतात. २००८ साली एक सुटसुटीत पद्धत पुढे आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘बायसॅप’ म्हणतात. तिच्यात पाचच प्रश्न आहेत आणि ते पहिल्या चोवीस तासांतच विचारावयाचे असतात. रक्तातील यूरिया नायट्रोजन २५ हून अधिक आहे काय? रुग्ण गोंधळलेला, सुस्त आहे काय? शरीरभर दाहाची लक्षणे आहेत काय? वय साठच्या वर आहे काय? छातीच्या फोटोत फुप्फुसाभोवती पाणी दिसते काय? प्रत्येक ‘होय’ला एक गुण. तीन किंवा अधिक गुण झाले तर धोका बराच वाढतो आणि रुग्ण अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच हवा.

शरीरभर दाहाची लक्षणे म्हणजे काय, तेही सांगता येते. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३६ च्या खाली. नाडी मिनिटाला ९० हून अधिक. श्वास मिनिटाला २० हून अधिक. पांढऱ्या पेशी बारा हजारांच्या वर किंवा चार हजारांच्या खाली. यांपैकी दोन असल्या की तो गुण मिळतो. एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळा ‘ब्लड यूरिया’ हा आकडा देतात, तो यूरिया नायट्रोजनच्या सुमारे २.१४ पट असतो. तेव्हा २५ ची सीमा म्हणजे ब्लड यूरियाच्या भाषेत सुमारे ५३. हा फरक ध्यानात न घेतल्यास निरोगी आकडाही धोक्याचा भासेल.

या पाच प्रश्नांना सीटी लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही. रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि लक्ष देऊन पाहणारा माणूस एवढे असले की पुरे. शिंदखेड्याचे किंवा दोंडाईच्याचे सरकारी रुग्णालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्या अंतराच्या अलीकडच्या टोकाला बसून ‘हा रुग्ण येथे ठेवावा की पुढे न्यावा’ हे ठरवावयाचे असते. त्या निर्णयासाठी आमच्या मते ही पद्धत इतर कित्येक गुणतक्त्यांपेक्षा अधिक उपयोगी आहे.

नातलगांच्या हाती असलेली मापेही थोडी नाहीत. करोनाच्या काळात, २०२० नंतर, बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर गावोगाव पोहोचले. त्यावर नाडी आणि प्राणवायू दोन्ही दिसतात. प्राणवायू ९४-९५ च्या खाली घसरू लागला किंवा नाडी तासागणिक चढत राहिली, तर परिचारिकेला तत्काळ सांगावे. लघवीचे माप त्याहूनही बोलके. प्रौढ रुग्णाला दर किलो वजनामागे ताशी निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी. साठ किलोच्या माणसाला ती ताशी तीस मिलिलिटर, म्हणजे सहा तासांत १८० मिलिलिटर, साधारण चहाचे दोन मोठे पेले. त्याहून कमी होत असेल तर मूत्रपिंडे त्रासात आहेत. बेंबीभोवती किंवा कुशीत निळसर डाग उमटले तर ते आत रक्तस्राव झाल्याचे चिन्ह असू शकते. ते क्वचितच दिसते, आणि न दिसल्याने धीर धरण्यासारखे काही नाही.

गांभीर्य जोखण्याचा उपचाराशी थेट संबंध आहे. या रोगात शरीरातील पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते, म्हणून सलाईन हा पहिला उपचार; त्यातही रिंगर लॅक्टेट हे द्रावण पसंत केले जाते. पूर्वी ‘जितके अधिक तितके चांगले’ असा समज होता. २०२२ साली भारत, इटली, मेक्सिको व स्पेन या चार देशांतील रुग्णालयांत झालेल्या ‘वॉटरफॉल’ नावाच्या चाचणीने तो मोडला. २४९ रुग्णांची ती चाचणी मध्येच थांबवावी लागली; कारण भरमसाट सलाईन दिलेल्या गटात शेकडा २०.५ जणांच्या अंगात पाणी साचले, बेताने दिलेल्या गटात शेकडा ६.३ जणांच्या, आणि रोग बळावण्याच्या प्रमाणात काही लाभ दिसला नाही. बेताचे म्हणजे दर किलोमागे ताशी दीड मिलिलिटर. साठ किलोच्या माणसाला ताशी नव्वद. ज्याच्या अंगातील पाणी आधीच कमी झाले आहे त्याला सुरुवातीस दर किलोमागे दहा मिलिलिटर वेगळे. ‘बाटल्या किती चढविल्या’ यावर उपचाराची किंमत करण्याची आपली सवय या रोगात घातक ठरू शकते. उपाशी ठेवण्याचेही तसेच झाले. पूर्वी स्वादुपिंडाला विश्रांती म्हणून रुग्णाला दिवसेंदिवस काही देत नसत. आता सौम्य आजारात भूक लागताच, शक्यतो पहिल्या दिवसभरातच, हलके अन्न सुरू करतात. संसर्ग सिद्ध झाल्यावाचून प्रतिजैविके देण्यात लाभ नाही, हेही ठरून गेले आहे.

कारण शोधल्यावाचून घरी जाऊ नये

आता त्या नाजूक प्रश्नाकडे येऊ. गावात पॅन्क्रिअ‍ॅटायटिस हा शब्द पोहोचला, की रुग्ण पीत होता असा निष्कर्ष चावडीवर तयार असतो. रुग्ण स्त्री असली तरी कुजबुज थांबत नाही. वास्तविक या रोगाची दोन प्रमुख कारणे आहेत : पित्ताशयातील खडे आणि मद्य. खडे स्त्रियांत अधिक आढळतात, आणि ज्या माउलीने आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही तिलाही हा रोग होऊ शकतो. अशा कुटुंबांचा अकारण अपमान झालेला आम्ही पाहिला आहे. सोनोग्राफीत खडे दिसणे आणि यकृताच्या तपासणीतील एएलटी हा आकडा पहिल्या दोन दिवसांत १५० च्या वर असणे, ही खड्यांकडे बोट दाखविणारी भक्कम साक्ष होय.

ज्याने मद्य घेतले आहे त्याने मात्र डॉक्टरांपासून ते लपवू नये. मोहाची असो, हातभट्टीची असो वा बाटलीबंद असो. किती वर्षे, रोज किती, हे सांगावे. हळदीच्या रात्री एकदाच घेतलेल्या पेल्याने हा रोग सहसा होत नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्यांना तो होतो, आणि त्यांच्यातही सर्वांना नव्हे. विडी-सिगारेट धोका स्वतंत्रपणे वाढविते. पत्नीसमोर, धर्मगुरूंसमोर किंवा भेटीला आलेल्या पाहुण्यांसमोर हे सांगवत नसेल तर आम्हां भेटीला जाणाऱ्यांनीच थोडा वेळ खोलीबाहेर थांबावे. लपविल्यास धोका असा, की नियमित पिणाऱ्याची दारू रुग्णालयात अचानक तुटते आणि दोन-तीन दिवसांत कंप, भ्रम, झटके येऊ लागतात. डॉक्टरांना पूर्वकल्पना नसेल तर ते रोग बळावल्याचे चिन्ह समजले जाऊ शकते.

खडे नाहीत, मद्य नाही, तर पुढे ट्रायग्लिसराइड तपासावे. ते हजाराच्या वर असेल तर तेच कारण असू शकते, आणि मधुमेहींत हे विसरले जाते. रक्तातील कॅल्शियम पाहावे. चालू असलेली सर्व औषधे, फिट्सवरील गोळ्यांसह, त्यांच्या पाकिटांनिशी दाखवावीत. चाळिशीनंतर पहिल्यांदाच हा आजार झाला आणि कारण सापडत नाही, तर स्वादुपिंडात गाठ नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. मिरची, आंबट, तळण यांचा मात्र या यादीत समावेश नाही. मिरचीने पोटात जळजळ होईल, स्वादुपिंड पेटत नाही.

खडे हे कारण ठरले तर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया सौम्य आजारात त्याच मुक्कामात करावी. नेदरलँड्समधील ‘पाँचो’ या चाचणीने २०१५ साली दाखविले, की घरी पाठवून काही आठवड्यांनी बोलाविल्यास मधल्या काळात पुन्हा त्रास होऊन दाखल व्हावे लागणाऱ्यांची संख्या बरीच अधिक असते. आपल्याकडे ‘कापणी झाल्यावर बघू’, ‘मुलीचे लग्न उरकल्यावर बघू’ असे म्हणून ती पुढे ढकलली जाते.

काही रुग्णांत हा दाह पुनःपुन्हा होऊन जुनाट होतो. स्वादुपिंड आक्रसते, त्यात चुन्यासारखे खडे बनतात आणि ते पोटाच्या साध्या एक्स-रेमध्येही दिसू शकतात. तेलकट, तरंगणारे, दुर्गंधीयुक्त शौच, घटते वजन आणि पुढे मधुमेह ही त्याची चिन्हे. न पिणाऱ्या तरुणांतही हा प्रकार आढळतो. इंडोनेशियात झुइडेमा यांनी १९५९ साली त्याकडे लक्ष वेधले, केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी असे शेकडो रुग्ण तपासले आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केला. साबुकंदाच्या आहारावर तेव्हा संशय होता. पुढे ‘स्पिंक-१’ या जनुकातील दोष अनेक रुग्णांत सापडला आणि आहाराची ती उपपत्ती मागे पडली. एखाद्या सडपातळ तरुणाला मधुमेह निघाला आणि त्याच्या लहानपणी वारंवार पोटदुखीचा इतिहास असेल, तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यावी. पचनासाठी लागणारी विकरे कॅप्सूलमधून देता येतात. ती जेवणाआधी नव्हे, जेवताना घ्यावयाची असतात.

खर्चाविषयी दोन शब्द. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. योजनेत समाविष्ट रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. दाखल होतानाच शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन त्याला भेटावे आणि या आजाराचा कोणता उपचार योजनेत बसतो ते विचारावे. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. काळी-पिवळीत रुग्णाला बसवून नेण्यापेक्षा थोडे थांबून रुग्णवाहिका बोलवावी, कारण वाटेत प्राणवायू आणि सलाईन दोन्ही चालू राहू शकतात. निघताना पहिल्या दवाखान्यातील चिठ्ठी मागून घ्यावी : दुखणे किती वाजता सुरू झाले, कोणती इंजेक्शने दिली, सलाईन किती गेले, शेवटची लघवी केव्हा झाली. धुळ्याच्या डॉक्टरांना पहिल्या तासात हेच चार प्रश्न विचारावे लागतात.